रक्तदाबाची गोळी आणि कोकणातली वाडी

उच्च रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा रुग्णाच्या स्वभावाभोवती फिरते. लोक गोळ्या मध्येच सोडतात, बरे वाटले की दवाखान्याकडे फिरकत नाहीत, असे डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रे छापतात आणि मुंबईला असलेली मुले गावच्या आईवडिलांना फोनवरून ऐकवतात. मला याच्या उलट बाजूने बोलायचे आहे. पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका टळावा म्हणून घ्यायच्या या गोळीचे स्वरूपच असे आहे, की तिचे सातत्य एकट्या माणसाच्या निश्चयावर सोपवणे अन्यायाचे ठरते. ते सातत्य ही सार्वजनिक आरोग्ययंत्रणेची जबाबदारी मानली पाहिजे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गासारख्या वाड्यावाड्यांत विखुरलेल्या मुलखात तरी ही गोळी घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, तीन-तीन महिन्यांच्या हिशेबाने मिळाली पाहिजे.

या गोळ्यांनी नेमके काय साधते ते आधी आकड्यांत पाहू. १९९१ साली अमेरिकेतल्या 'शेप' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्या ४,७३६ स्त्री-पुरुषांनी तीत भाग घेतला होता. या सर्वांचा वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून अधिक होता आणि खालचा ९० च्या आत. उतारवयात वरचा आकडा वाढायचाच, त्याला औषध कशाला, असे तोवर कित्येक डॉक्टरही मानत असत. निम्म्या लोकांना क्लोरथॅलिडोन ही लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी जुनी, स्वस्त गोळी अल्प मात्रेत देण्यात आली आणि गरज पडली तिथे दुसरी जोडण्यात आली. उरलेल्या निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली. पाच वर्षांच्या हिशेबाने, औषध नसलेल्या गटात दर शंभर माणसांत सुमारे आठ जणांना पक्षाघात झाला, तर औषध घेणाऱ्यांत सुमारे पाच जणांना. पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले असा या निष्कर्षाचा उल्लेख नेहमी केला जातो, आणि तो खराच आहे.

मला मात्र टक्केवारीपेक्षा शंभरातली ही तीन माणसे अधिक महत्त्वाची वाटतात, कारण सगळा प्रश्न तिथेच दडलेला आहे. त्या शंभरांपैकी ब्याण्णव जणांना गोळी घेतली नसती तरी त्या पाच वर्षांत पक्षाघात होणार नव्हता. पाच जणांना गोळी घेऊनही तो झाला. आणि तीन जण वाचले. हे तीन जण कोण, हे त्यांना स्वतःला कधी कळत नाही, त्यांच्या डॉक्टरांनाही कळत नाही. तापाची गोळी घेतली की ताप उतरल्याचे माणसाला जाणवते. पक्षाघात न झाल्याची जाणीव कोणालाच होत नाही. एका माणसाच्या अनुभवातून या गोळीची उपयुक्तता सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. ती दिसते ती मोजणी केल्यावर, समूहात. त्याच वयाची आणि तितक्याच रक्तदाबाची दहा हजार माणसे एखाद्या तालुक्यात असली, तर याच हिशेबाने पाच वर्षांत तीनशे पक्षाघात टळतील. तीनशे अंथरुणे धरलेली माणसे आणि त्यांच्यामागे तीनशे घरे, हे नुकसान तालुक्याला स्पष्ट दिसते. घरात एकट्या बसलेल्या माणसाला ते दिसावे अशी अपेक्षा आपण कशी करणार?

याच कारणाने मालवण-वेंगुर्ल्याकडे "माका कायच होणा नाय, मगे गोळी कित्याक?" असे कोणी विचारले, तर त्या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून झिडकारू नये. प्रश्न अगदी तर्कशुद्ध आहे. उत्तर इतकेच, की वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही आणि तरीही मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे जाड व ठिसूळ करत राहतो. मग एके दिवशी त्यांतली एखादी फुटते किंवा तुंबते. पावसाळ्यात घर गळू लागेपर्यंत न थांबता आपण मे महिन्यातच कौले चाळून घेतो, तसे हे काम आहे; मात्र कौले चाळायला गडी मिळवून देणारी रीत गावात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि गोळीच्या बाबतीत तशी रीत अजून बसलेली नाही.

कोकणात या प्रश्नाला जी धार येते ती भूगोलामुळे. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करावी लागते. दोडामार्ग किंवा राजापूर तालुक्यातल्या आतल्या वाडीत पहाटे कोणाचा हात-पाय लुळा पडला, तर आधी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून रस्त्यापर्यंत आणायचे, मग गाडी मिळवायची, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढे घाट चढून कोल्हापूर किंवा सीमा ओलांडून गोव्यातले बांबोळीचे मोठे रुग्णालय, हा प्रवास किती वेळात होतो हे इथल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जिथे उपचाराची वेळ गाठणे इतके अवघड आहे, तिथे दुखणे मुळात येऊच न देण्याचे मोल शहरापेक्षा कितीतरी अधिक ठरते. आणि गोळ्यांचा पुरवठा सर्वांत सहज तुटतो तोही नेमका याच ठिकाणी.

त्यातून गावात आज कोण राहते हेही पाहायला हवे. अनेक वाड्यांत निम्मी घरे गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात. उरलेल्या घरांत दोन म्हातारी माणसे, कित्येकदा एकच. यांच्यापैकी एकाला पक्षाघात झाला की दुसऱ्याने त्याला उचलायचे कसे? मग मुंबईतला मुलगा नोकरी सोडून येतो किंवा आईवडिलांना एका खोलीत नेऊन ठेवतो. गोळ्या पुष्कळदा मुंबईहून येतात, चाकरमान्यांच्या पिशवीतून किंवा कुरिअरने, आणि त्यांतून एक वेगळाच धोका निर्माण होतो. मुलाने पाठवलेल्या पानावर एका कंपनीचे नाव असते, तालुक्याच्या मेडिकलमधून आणलेल्या पानावर दुसरे. आतले औषध एकच, पण ही दोन निराळी औषधे आहेत अशा समजुतीने दोन्ही घेतली जातात आणि उठता-उठता चक्कर येऊन माणूस पडतो. मग "गोळी सोसली नाही" असा निष्कर्ष निघतो आणि गोळी कायमची बंद होते. यात त्या माणसाचा काहीही दोष नाही.

सरकारी दवाखान्यात गोळी मोफत आहे, हे येथे सांगितले जाईल. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले, आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्याआधीही तिथे मिळत होत्या. परंतु गोळी फुकट असली तरी ती आणायला जाणे फुकट नसते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण एसटी प्रत्येक वाडीपर्यंत येत नाही आणि येते ती सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा. मधल्या टप्प्यासाठी रिक्षा लागते, सोबत कोणीतरी लागते आणि त्या सोबतीचा दिवसाचा रोज बुडतो. एवढे करून पोचल्यावर पंधरा दिवसांच्याच गोळ्या हातात पडल्या, किंवा "साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या" असे ऐकावे लागले, तर तिसऱ्या खेपेला तो माणूस का यावा? भातलावणीच्या दिवसांत, ओढ्याला पाणी चढलेले असताना, ही खेप करणे धडधाकट माणसालाही जड जाते.

या गोळ्यांना विरोध करणारी काही मते प्रामाणिक असतात. त्यांतले एक मत असे, की ही परकी, रासायनिक औषधे कशाला, आपल्या मातीत मुळ्या आहेत. या मतासमोर मी दोन गोष्टी ठेवीन. पहिली सर्पगंधेची. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या या वनस्पतीच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी पद्धतशीर तपासला आणि १९४९ साली ब्रिटनमधल्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला. तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे खऱ्या अर्थाने लक्ष गेले. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० असा नोंदला गेला होता आणि त्यांच्या डॉक्टरांच्या हाती परिणामकारक असे औषध नव्हते. सर्पगंधेतले रेसर्पिन पुढे गोळीच्या रूपात आले. रक्तदाब औषधांनी उतरवला तर माणसे वाचतात हे काटेकोरपणे दाखवणारी अमेरिकेतली १९६७ ची चाचणी घ्या. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष तीत होते. औषध नसलेल्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या, औषध घेणाऱ्या ७३ जणांत फक्त दोन. त्या तीन औषधांच्या मिश्रणात एक रेसर्पिन होते. म्हणजे आपल्या मुळीची किंमत मोजमापानेच सिद्ध झाली. तिच्यामुळे काहींना खिन्नता येते, हेही मोजमापानेच कळले आणि अधिक सोसणारी औषधे आल्यावर ती मागे पडली. मुळी आणि गोळी यांत वैर नाही; तपासलेले आणि न तपासलेले यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि बाजारात 'बीपीवर रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णासाठी गोळी बंद करणाऱ्याने ते अंतर ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट तर कोकणाच्याच अंगणातली. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात, विशेषतः लहान मुले, मोठ्या संख्येने दगावत असत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरते, हे ओळखून त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण अगदी खाली आणले. प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध आहे. रक्तदाबाच्या गोळीने जीव वाचतो, हे रायगड-रत्नागिरीतल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले आहे. फरक इतकाच, की तिथे परिणाम काही तासांत दिसला. शिवाय ते औषध मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची वाट न पाहता गावाजवळच्या दवाखान्यात हाताशी असणे, यातच त्याचे निम्मे यश होते.

"एकदा गोळी लागली की जन्माची लागली" ही तक्रारही ऐकू येते. खरे तर जन्मभर सोबत राहतो तो रक्तदाब. गोळी बंद केली की तो परत पूर्वीच्या जागी येतो, आणि त्यालाच लोक गोळीची सवय समजतात. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, आणि सूज दिसली की "किडनीवर परिणाम झाला" अशी आवई उठते. ही सूज बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्याने येते, मूत्रपिंडाचा तिच्याशी संबंध नसतो. मूत्रपिंडे खराब करतो तो उपचाराविना राहिलेला रक्तदाब. तरीही सूज, कोरडा खोकला, लघवीच्या गोळीने वृद्धांमध्ये रक्तातले सोडियम उतरणे, हे त्रास खोटे नाहीत, आणि ते सांगायला जवळ कोणी असेल तरच औषध बदलून घेता येते. कोणाला कोणती गोळी सोयीची, हेही जवळच्या माणसालाच कळते. दिवसभर लावणीत उभ्या असलेल्या बाईला किंवा होडीवर जाणाऱ्या खलाशाला सारखी लघवीला लावणारी गोळी सकाळी देणे हे त्यांच्या जगण्याकडे न पाहता केलेले वैद्यक होय.

गरजेपेक्षा जास्त लोकांना गोळ्या दिल्या जातील, ही भीती मला सर्वांत रास्त वाटते. पाखाडी चढून धापा टाकत शिबिरात आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला तर आकडा चढा येणारच. पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला टेका देऊन, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता मोजले पाहिजे, आणि रक्तदाब १४०/९० ही मर्यादा ओलांडतो का, याचा निर्णय निरनिराळ्या दिवशी मोजून घेतला पाहिजे. पडण्याची भीती असलेल्या वृद्धांचा रक्तदाब उभे राहिल्यावरही मोजावा. मात्र वय झाले म्हणून औषध नको, हे म्हणणे टिकत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हायव्हेट' चाचणीत ऐंशी ओलांडलेले ३,८४५ लोक होते, आणि उपचार घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. तसेच, औषध कंपन्यांच्या फायद्यासाठी हे सारे चालले आहे या संशयाला या विशिष्ट गोळ्यांच्या बाबतीत फारसा आधार उरत नाही. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन यांची एकस्वे (पेटंट) केव्हाच संपली असून त्या जेनेरिक स्वरूपात अत्यंत स्वस्त आहेत.

मिठाविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा असे सांगते, आणि आपल्या पावसाळी जेवणात खारा बांगडा, सुकट, खारातली कैरी, पापड आणि कोकमाचे खारट आगळ यांनी ती मर्यादा पेजेबरोबरच ओलांडली जाते. मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो, यात शंका नाही. चीनच्या सहाशे खेड्यांतल्या सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त मीठ दिल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. ते मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना चालत नाही. पण पथ्य हे गोळीच्या सोबतीचे आहे, तिच्या जागी येणारे नव्हे. १७० च्या पुढे गेलेला रक्तदाब बहुतेकांच्या बाबतीत केवळ लोणचे सोडून खाली येत नाही, आणि "आधी पथ्य करून बघू" यात वर्षे निघून जातात.

मी जे मागतो आहे ते स्वप्नरंजन नाही, हे सिंधुदुर्गानेच दाखवून दिले आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या चार जिल्ह्यांत सातारा, वर्धा आणि भंडारा यांच्याबरोबर सिंधुदुर्ग होता. त्या उपक्रमाची रीत साधी आहे. मोजक्या औषधांचा ठरलेला क्रम, पहिली गोळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिन. प्रत्येक रुग्णाचे कार्ड. किती जणांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आला याची नोंद. आणि पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोळ्या उपकेंद्रातून देण्याची सोय. औषध ठरलेले असले की साठ्याचा अंदाज बांधता येतो, आणि दोन कंपन्यांच्या दोन पानांचा गोंधळही टळतो. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा वर्षांवरील स्त्रियांत २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के इतके उच्च रक्तदाबाचे प्रमाण आढळले. एवढ्या लोकांना दर महिन्याला डॉक्टरांसमोर बसवणे अशक्य आहे, आणि त्याची गरजही नाही.

स्थिर झालेल्या रुग्णाची गोळी पुढे चालू ठेवण्याचा अधिकार उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे निःसंदिग्धपणे असावा, आणि एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर लोक हरवतील, वाया घालवतील, हा आक्षेप ज्यांनी आगोटीची बेगमी करणारी कोकणी घरे पाहिली आहेत त्यांनी तरी घेऊ नये. पाऊस लागण्यापूर्वी तांदूळ, मीठ, सुकी मासळी मोजून भरून ठेवणारी बाई गोळ्यांची पाने सांभाळू शकते. निदान जून ते सप्टेंबर या काळापुरता तरी हा नियम मे महिन्यातच अमलात यावा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या आणि एकट्या राहणाऱ्यांच्या गोळ्या आशाताईंनी घरी नेऊन द्याव्यात. पण त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, कारण आजवर प्रत्येक नवी जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर अल्प पैशांत टाकली गेली आहे. आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी कामगार, ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी यांचीही नावे नोंदीत यावीत. ते इथलेच मीठ खातात आणि इथेच आजारी पडतात.

यासोबत ग्रामसभेत एक साधा तक्ता वाचून दाखवला जावा, अशी माझी मागणी आहे. आपल्या उपकेंद्राच्या हद्दीत रक्तदाबाच्या नोंदलेल्या रुग्णांपैकी गेल्या तिमाहीत कितीजण आले, कितीजणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे आणि गोळ्यांचा साठा किती दिवस शून्यावर होता. नावे वाचायची नाहीत, फक्त आकडे. नळपाण्याच्या योजनेचा हिशेब ग्रामसभा मागते, रस्त्याच्या खडीचा मागते. हे तीन आकडे तिने विचारले, तर गोळी कोणी सोडली या प्रश्नाच्या शेजारी ती कोणी पोचवली नाही हाही प्रश्न इतिवृत्तात नोंदला जाईल, आणि त्याचे उत्तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पुढच्या सभेपर्यंत लेखी द्यावे लागेल.